सुळे गेलेल्या टॅरँट्युलाला भरवायचं कसं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात टॅरँट्युला पाळणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "कात टाकल्यावर सुळे गेले. आता तो उपाशी मरणार का?" विचारणारा बहुतेक वेळा घाबरलेला असतो. त्याने कोळ्याला हातात घेऊन, उलटं करून पाहिलेलं असतं, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून मधाचं पाणी किंवा दूधही पाजून झालेलं असतं.

उत्तर आधी सांगतो. पाणी मिळत असेल तर पूर्ण वाढलेला, पोट भरलेला टॅरँट्युला काही महिने अन्नाशिवाय काढू शकतो. सुळे नसलेला कोळी भुकेने लगेच मरत नाही. तो दगावतो तो तहानेने, नाहीतर आपल्या घाईने. तुमच्या हाताशी वेळ आहे. मऊ अन्न, स्वच्छ पाणी आणि पुढच्या कातेपर्यंत धीर, एवढं तुम्ही देऊ शकलात तर बहुतेक कोळी यातून सावरतात.

आधी खात्री करा: सुळे खरंच गेलेत का?

टाकलेल्या कातेत दोन काळे, वाकडे सुळे दिसले की बरेच जण घाबरतात. ते तिथे असायलाच हवेत. टॅरँट्युला कात टाकतो तेव्हा सुळ्यांचं जुनं आवरणही कातेबरोबर निघतं आणि आतून नवे सुळे येतात. तेव्हा कातेकडे पाहून निष्कर्ष काढू नका, कोळ्याकडे पाहा.

नवे सुळे सुरुवातीला पांढरे असतात, मग लालसर होतात आणि शेवटी काळे पडतात. पांढरे सुळे जबड्याखाली दुमडलेले असले की नवख्या डोळ्याला ते दिसतही नाहीत. म्हणून कात टाकल्यावर पहिले तीन-चार दिवस तपासणीच्या भानगडीत पडू नका. या काळात त्याचं सगळं अंग मऊ असतं, धक्का लागला तर इजा होते.

नंतर असं पाहा:

- कोळी पारदर्शक डब्याच्या भिंतीवर चढलेला असताना मोबाइलचा टॉर्च खालून तिरका धरा. जबड्यांच्या टोकाशी दोन सुळे दिसतात का ते पाहा आणि फोटो काढून मोठा करून बघा.
- तो भिंतीवर चढतच नसेल तर त्याला हळूच एका चपट्या पारदर्शक डब्यात घ्या आणि डबा वर उचलून तळातून पाहा.
- हाताने उलटं करू नका. चिमट्याने जबडा उघडायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

एक सुळा शाबूत असेल तर काळजी निम्म्याने कमी झाली. एका सुळ्यावर बहुतेक टॅरँट्युला मेलेलं भक्ष्य व्यवस्थित खातात. काही तर छोटं जिवंत भक्ष्यही पकडतात. पुढची सगळी मेहनत दोन्ही सुळे नसलेल्या, किंवा दोन्ही वेडेवाकडे होऊन निकामी झालेल्या कोळ्यासाठी आहे.

जुन्या कातेचा तुकडा सुळ्याला अडकून लोंबत असेल तर तो ओढू नका. आतला नवा सुळा त्याच्याबरोबर निघून येऊ शकतो.

सुळ्यांवाचून तो खातो कसा?

कोळी चावून गिळत नाही. भक्ष्यावर तो पाचक रस सोडतो, मांस बाहेरच विरघळवतो आणि तयार झालेला द्रव शोषून घेतो. शोषण्याचं काम त्याचं शोषक जठर करतं. तोंड जबड्यांच्या बरोबर खाली असतं आणि त्याभोवतीचे केस घट्ट कण गाळून बाहेर ठेवतात.

म्हणजे सुळ्यांकडे कामं तीन: भक्ष्य पकडणं, विष टोचून मारणं आणि कवच फोडून आतलं मांस उघडं करणं. ही तिन्ही कामं तुम्ही केलीत तर उरलेलं तो स्वतः करू शकतो. सुळे गेले तरी जबड्यांचा जाड भाग आणि तोंडाजवळचे खडबडीत दाणे जागेवर असतात, त्यांनी तो मऊ अन्न दाबून धरतो.

एक वाईट शक्यताही सांगायला हवी. कात टाकताना शोषक जठराचं आतलं अस्तरही बदलावं लागतं. ते अडकून राहिलं तर कोळी अन्नावर येतो, रस सोडतो, पण आत काही ओढून घेऊ शकत नाही. अन्न ओलंचिंब होऊन पडून राहतं, पाण्यावर बसूनही पोट भरत नाही. अशा वेळी घरच्या उपायांना मर्यादा आहेत. पाणी समोर ठेवणं आणि वाट पाहणं, यापलीकडे फारसं हाती राहत नाही.

पहिले दोन आठवडे: फक्त पाणी

कात टाकल्यावर लहान पिल्लांना चार-पाच दिवस आणि मोठ्या कोळ्यांना दहा-पंधरा दिवस अन्न देऊ नका. सुळे असोत वा नसोत, तोंडाकडचा भाग कडक व्हायला एवढा वेळ लागतोच. या काळात एक उथळ झाकणभर पाणी मात्र रोज ताजं ठेवा. मिनरल वॉटरच्या बाटलीचं झाकण मध्यम आकाराच्या कोळ्याला पुरतं. मोठ्याला चटणीच्या वाटीएवढं भांडं द्या. पाण्यात कापूस किंवा स्पंज घालू नका, त्यात घाण साचते.

पोट सुरकुतलेलं, आखडलेलं दिसत असेल आणि चाल अडखळत असेल, तर त्याला पाणी कमी पडतंय. कोळ्याचे पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात. दाब घटला की पाय आपोआप पोटाखाली वळायला लागतात. असं दिसलं तर कोळ्याला अलगद पुढे सरकवून त्याचं तोंड उथळ पाण्यावर येईल असं बसवा. श्वसनाच्या फटी पोटाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून पोट पाण्यात बुडता कामा नये. पुढचा भाग पाण्यात आणि पोट कोरड्यावर, ही स्थिती बरोबर. अर्धा-एक तास तसंच राहू द्या.

पाय पसरून पाठीवर पडलेला कोळी मात्र मेलेला किंवा आजारी नसतो, तो कात टाकत असतो. त्याला हात लावू नका, पाणी शिंपडू नका, डबाही हलवू नका.

अन्न कोणतं निवडाल?

माझी पहिली पसंती मीलवर्मला आहे, आणि तीही नुकतीच कात टाकलेल्या पांढऱ्या मीलवर्मला. पिवळ्या-तपकिरी अळीचं कवच टणक असतं. तिने कात टाकली की काही तास ती पांढरीशुभ्र आणि लोण्यासारखी मऊ असते. अळीचा कोष होतो तोही असाच मऊ. सुळे नसलेल्या कोळ्यासाठी याहून सोपं अन्न नाही. नुकतंच कात टाकलेलं पांढरं झुरळही चालेल, पण ते पाळीव वसाहतीतलं हवं, मोरीतलं नको.

अरोवानासारख्या माशांसाठी आणि पक्ष्यांसाठी मत्स्यालयाची दुकानं मीलवर्म आणि सुपरवर्म ठेवतात. तिथून एकदाच थोडे आणा आणि घरी वाढवा. आडवा प्लास्टिकचा डबा, त्यात दोन बोटं जाडीचा गव्हाचा कोंडा किंवा ओट्स आणि ओलाव्यासाठी गाजराची फोड, एवढं पुरतं. एकदा वसाहत लागली की त्यात रोज एखाद-दुसरी पांढरी अळी किंवा कोष सापडतो. कोंडा गिरणीतून आणणार असाल तर धान्यात किडीची गोळी किंवा बोरिक पावडर घातलेली नव्हती ना, हे आधी विचारा. तसा कोंडा तुमच्या अळ्यांनाही मारेल आणि कोळ्यालाही.

रातकिडे मिळत असतील तर उत्तम, पण त्यांचे पंख आणि मागचे काटेरी पाय काढावे लागतात.

चिकनचा किंवा माशाचा कच्चा तुकडा द्यावा का, असंही विचारलं जातं. अडीअडचणीला कोळी तो खातो, पण तो लवकर सडतो, वासावर चिलटं जमतात आणि पावसाळ्यात डब्यात बारीक किडे होतात. कीटक मिळत असताना त्या वाटेला जाऊ नका. उंदराची पिल्लं देण्याची तर काहीच गरज नाही.

भरवण्याची पद्धत

हे काम संध्याकाळी, अंधार पडल्यावर करा. टॅरँट्युला निशाचर आहे, रात्री तो अन्नाला चांगला प्रतिसाद देतो. टेबलावर न बसता जमिनीवर बसा. कोळी निसटून दोन फुटांवरून पडला तरी त्याचं पोट फुटू शकतं.

१. अळी किंवा किडा आधी मारा. डोकं चिमट्याने दाबलं की पुरे. फ्रीजरमध्ये ठेवून मारलं असेल तर अन्न खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार अन्नाला कोळी तोंड लावत नाही.

२. डोकं, पाय, पंख काढून टाका. ब्लेडने पोटाची बाजू उभी चिरा आणि चमच्याच्या मागच्या बाजूने हलकं दाबा. आतला पांढरा-पिवळसर गर बाहेर यायला हवा. अगदी लहान पिल्लासाठी त्याचा लगदा करा. मोठ्या कोळ्याला चिरलेली अख्खी अळी द्या, कारण तिला धरून राहायला त्याला सोपं जातं. लगदा फार घट्ट वाटला तर पाण्याचे एक-दोन थेंब घाला. पातळ रस्सा नको, तो पसरतो आणि पायांना चिकटतो.

३. कोळ्याला स्वच्छ चपट्या डब्यात घ्या, तळाला ओलसर टिश्यू पेपर असू द्या. माती आणि नारळाचा भुसा नको, कारण गराला भुसा चिकटला की तो तोंड फिरवतो.

४. लांब, बोथट टोकाच्या चिमट्याने अन्न जबड्यांच्या खाली, तोंडाला लागेल असं सरकवा. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांसारख्या अवयवांना ते हलकंसं लावा. पुष्कळदा तेवढ्यानेच तो अन्नावर झाकून बसतो.

५. तो मागे हटला तर त्याच्या मागे लागू नका. अन्न तिथेच ठेवा, डबा झाका, अंधारात ठेवा आणि निघून जा.

६. रात्रभर राहू द्या. सकाळी उरलेलं सगळं काढून डबा पुसा.

दोन-तीन वेळा नकार आला म्हणून हताश होऊ नका. पहिल्याच रात्री सगळं खाणारे कोळी थोडे. बरेच जण तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला शिकतात, आणि एकदा जमलं की चिमट्याची चाहूल लागताच पुढे सरकतात.

खाल्लं की नाही हे कसं कळेल?

वजनकाट्याची गरज नाही, सकाळी उरलेल्या अन्नाकडे नीट पाहा. कोळ्याने खाल्लं असेल तर गर नाहीसा होतो आणि कवचाचे तुकडे एकत्र दाबलेली छोटी, काळपट गोळी उरते. अन्न जसंच्या तसं आहे, फक्त काळं पडून वास येतोय, तर त्याने तोंड लावलेलं नाही. टिश्यूवर ओला डाग आणि अन्न चिखलासारखं झालेलं असेल तर त्याने रस सोडला, पण शोषलं कमी. अशा वेळी पुढच्या खेपेला अन्नाचं प्रमाण निम्मं करा.

दुसरी खूण पोटाची. वरून पाहिल्यावर पोट पाठीवरच्या ढालीएवढं (शरीराच्या पुढच्या भागावरचं कडक कवच) किंवा तिच्याहून किंचित मोठं असेल तर कोळी ठीक आहे. ढालीपेक्षा बरंच लहान आणि सुरकुतलेलं असेल तर अन्न-पाणी वाढवा.

मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा, एक मोठी किंवा दोन लहान अळ्या पुरतात. पिल्लांना आठवड्यातून दोनदा थोडं थोडं द्या. दुखापत झालीय म्हणून रोज खुराक देण्याचा मोह होतो. तो आवरा. प्रत्येक भरवणीत डबा बदलणं, हलवणं, चिमटा लावणं असतं, आणि त्याचा ताण उपासापेक्षा जास्त पडतो. भाराभर खाऊन टम्म फुगलेलं पोट साध्या पडण्यानेही फाटतं.

हे मुळीच करू नका

- दूध, मध, ग्लुकोज, ओआरएस, लहान मुलांचं तयार अन्न देऊ नका. दूध नासतं, गोड पदार्थ तोंडाभोवतीच्या केसांना चिकटतात.
- सिरिंजने तोंडात काही सोडू नका. द्रव श्वसनाच्या फटींपर्यंत ओघळला तर कोळी गुदमरतो.
- जिवंत रातकिडा किंवा सुपरवर्म डब्यात टाकून झोपू नका. सुळे नसलेला कोळी स्वतःचा बचाव करू शकत नाही. कात टाकत असताना तर सुपरवर्म त्याला कुरतडून मारू शकतो.
- सुळे नाहीत म्हणून त्याला हातावर खेळवू नका. अमेरिकेकडच्या प्रजाती पोटावरचे खाजरे केस उडवतात, ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. भारतातल्या पोसिलोथेरिया वंशातले कोळी फार चपळ असतात आणि त्यांच्या चाव्याने स्नायूंना अनेक दिवस पेटके येतात. सुळा एक आहे की शून्य, यावर तिथे पैज लावू नका.

आपल्या भागातले धोके

*फवारणी.* पावसाळ्यात डासांसाठी गल्लोगल्ली धूरफवारणी होते. ज्या औषधाने डास मरतात त्यानेच कोळीही मरतो. धुराच्या गाडीचा आवाज आला की खिडक्या बंद करा, डबा आतल्या खोलीत न्या आणि धूर पूर्ण बसेपर्यंत तिथेच ठेवा. कोळ्याच्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन, झुरळांचा स्प्रे, लक्ष्मणरेषेचा खडू यांपैकी काहीही नको. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल तर दोन दिवसांसाठी डबा नातेवाइकांकडे हलवा. घरात कुत्रा-मांजर असेल आणि त्याच्या मानेवर पिसवांचं औषध घालत असाल, तर हात साबणाने धुतल्याशिवाय कोळ्याच्या डब्याला किंवा त्याच्या अन्नाला हात लावू नका.

*बाहेरचे किडे.* दिव्याखाली जमलेले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून पकडून देऊ नका. त्यांनी कुठली फवारलेली भाजी खाल्ली असेल हे सांगता येत नाही. वालधुनीच्या काठचे आणि अंबरनाथ, बदलापूरच्या एमआयडीसीभोवतालचे किडे तर नकोच. धडधाकट कोळी थोडंसं विष कदाचित पचवेल, आजारी कोळ्याला ती संधी नाही.

*उन्हाळा.* बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुरुस्तीच्या नावाखाली वीजही तासन्तास जाते. बहुतेक पाळीव प्रजातींना २४ ते २८ अंश मानवतं. वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत डबा ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत, भिंतीच्या कडेला ठेवा. या दिवसांत पाण्याचं झाकण सकाळ-संध्याकाळ भरा आणि डब्याच्या मातीचा एक कोपरा ओला ठेवा. तहानलेल्या कोळ्याची पुढची कातही अडकते, आणि अडकलेल्या कातेतच पुन्हा सुळे जातात.

*पाऊस.* जून ते सप्टेंबर हवेतच इतकी आर्द्रता असते की वेगळा ओलावा देण्याची गरज पडत नाही. आजारी कोळ्यासाठी ओल्या टिश्यूचा बंद डबा करून त्याला कित्येक दिवस त्यात ठेवण्याचा सल्ला जुने पाळणारे देतात. आपल्या पावसाळ्यात मी तो देणार नाही. कोंदट डब्यात दोन दिवसांत बुरशी धरते. ओला टिश्यू फक्त भरवण्याच्या रात्रीपुरता.

सुळे परत कधी येतील?

पुढच्या कातेला, बहुतेक वेळा. पहिल्यांदा आलेले सुळे कधी लहान किंवा एका बाजूला झुकलेले असतात, मग त्यापुढच्या कातेत पूर्ववत होतात. पिल्लं काही आठवड्यांनी कात टाकतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न लवकर सुटतो. पूर्ण वाढलेल्या मादीला वर्षभर, हळू वाढणाऱ्या प्रजातीत त्याहूनही जास्त वाट पाहावी लागते. मादीची ही वाट पाहण्यासारखी आहे. कित्येक प्रजातींच्या माद्या वीस वर्षं आणि त्याहून अधिक जगतात, त्यात एक वर्ष हाताने भरवणं फार नाही.

कात जवळ आली की रंग फिका पडतो, पोटावर टक्कल पडलं असेल तर तो भाग काळपट होतो आणि कोळी अन्न नाकारायला लागतो. तेव्हा भरवणं थांबवा, पाणी ठेवा.

प्रौढ नराचं गणित वेगळं. ज्या नराच्या तोंडाजवळच्या छोट्या अवयवांची टोकं फुगीर, मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी झालीत त्याची शेवटची कात होऊन गेली आहे. तो सहसा पुन्हा कात टाकत नाही, म्हणून सुळेही परत येत नाहीत. त्याचं उरलेलं आयुष्य काही महिन्यांचं, फार तर वर्ष-दीड वर्षाचं असतं. त्याला मऊ अन्न आणि पाणी शेवटपर्यंत द्या.

मुळात सुळे का जातात, हेही पाहा, म्हणजे पुन्हा जाणार नाहीत. डब्याच्या झाकणाला लोखंडी जाळी असेल तर आजच काढा. कोळी जाळी चावतो, तिच्यात नख्याही अडकवून घेतो. त्याऐवजी ॲक्रिलिकची शीट मापात कापून, बारीक भोकं पाडून लावा. उल्हासनगरात हे काम करून देणारे सहज सापडतात. पडून इजा होऊ नये म्हणून जमिनीवर राहणाऱ्या प्रजातीचा डबा फार उंच नको. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये.

डॉक्टर, नोंदणी आणि तुमचे हक्क

कोळ्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य मुंबई परिसरातही मोजकेच. परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात किंवा आणखी कुठे जाण्याआधी फोन करून "तुम्ही कोळी तपासता का?" असं स्पष्ट विचारा. न्यायचंच झालं तर मुठीएवढ्या, टिश्यू भरलेल्या डब्यात न्या, आणि भर दुपारी किंवा गर्दीच्या लोकलमधून नेऊ नका. नुसते सुळे गेले असतील तर प्रवासाचा त्रास देण्यापेक्षा तपासणीसाठी काढलेला फोटो पाठवून सल्ला घेणं बरं.

कायद्याची बाजू टाळता येणार नाही. मेक्सिकन रेड नी ज्या ब्रॅकिपेल्मा वंशातला आहे तो पूर्ण वंश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. आपल्याकडचा आणि श्रीलंकेतला पोसिलोथेरिया वंश २०१९ मध्ये त्याच परिशिष्टात आला. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अशा प्रजाती बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक केली. तिचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाले. आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, त्यानंतर मिळालेल्या प्राण्याची नोंद ३० दिवसांत करायची आहे. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होतो आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. सायटीसची यादी अधूनमधून वाढते, म्हणून तुमच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव घेऊन ती आत्ताच तपासा. नोंदणी राहून गेली असेल तर बदलापूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते विचारा. लपवून ठेवण्यात धोका जास्त आहे.

विकत घेताना या गोष्टी मागायचा तुम्हाला अधिकार आहे:

- शास्त्रीय नाव आणि तारीख घातलेलं पक्कं बिल. "स्पायडर, १ नग" असं बिल घेऊ नका.
- दुकानाचं नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मिळणं. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.
- सायटीस प्रजाती असेल तर मूळ मालकाच्या नोंदणीचे कागद.

घरी आणल्या दिवशीच कोळ्याचे खालून फोटो काढून ठेवा. सुळे आधीपासून तुटलेले होते, हे त्यावरून दाखवता येतं. दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

कुरिअरने बिनकागदाचा कोळी मागवू नका. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत सीमाशुल्क विभागाने पोलंडहून टपालाने आलेलं एक पार्सल उघडलं, तेव्हा चंदेरी फॉइल आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ कुप्यांत जिवंत कोळी निघाले. असा माल पुढे छोट्या-मोठ्या शहरांत विकला जातो. प्रवासातल्या तहानेने अशा कोळ्यांची पहिलीच कात बिघडण्याचा धोका असतो.

कंटाळून कोळी सोडून देणं हा पर्याय नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मधली प्राण्याची व्याख्या माणूस सोडून प्रत्येक जिवंत प्राण्याला लागू होते. म्हणजे कोळीही त्यात आला, आणि पाळलेला प्राणी विनाकारण टाकून देणं हा गुन्हा आहे. परदेशी कोळी बारवीच्या जंगलात किंवा ताहुलीच्या डोंगरात सोडलात तर तो मरेल, किंवा जगला तर इथल्या कोळ्यांना त्रासाचा ठरेल. तुम्हाला भरवणं जमत नसेल तर नोंदणीचे कागद बदलून एखाद्या अनुभवी पाळणाऱ्याला द्या.

इथले जंगली टॅरँट्युलाही पावसाळ्यात घराजवळ दिसतात. नर मादीच्या शोधात बिळाबाहेर पडतात आणि डोंगराकडेच्या इमारतींच्या तळमजल्यावर, जिन्याखाली सापडतात. असा एखादा कोळी लंगडा किंवा सुळा तुटलेला दिसला तरी घरी आणून भरवत बसू नका. हे नर प्रौढ असतात, त्यांना पुढची कात नाही. रुंद तोंडाचा डबा त्याच्यावर पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि कंपाउंडबाहेरच्या झाडीत, मातीच्या बांधालगत सोडा. स्वतः हात घालायची तयारी नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि माणूस येईपर्यंत मुलांना आणि मांजरांना तिथून दूर ठेवा.